हाडे आणि स्नायूंचा ऑनलाइन अभ्यास: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सोलापुरात हाडे आणि स्नायू शिकावे लागणाऱ्यांची संख्या वरवर वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कुंभारीचे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांतील एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तर आहेतच. त्यांच्याबरोबर आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी आणि नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, मानवाकृती रेखाटण्यासाठी देह समजून घेऊ पाहणारे चित्रकलेचे विद्यार्थी आहेत आणि व्यायामशाळांमधून शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. यांतील अनेक जण बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, माढा अशा तालुक्यांतून आलेले असतात. कुणाची शाळा मराठी माध्यमाची असते, तर कुणाच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. अशा विद्यार्थ्यापुढे पहिल्याच आठवड्यात लॅटिन नावांची रास येऊन पडते आणि त्याच वेळी व्हॉट्सॲपच्या गटावर सीनियर मंडळी संकेतस्थळांचे, ॲपचे आणि व्हिडिओंचे दुवे पाठवू लागतात.

खरी अडचण दुवे कमी असण्याची नसून ते फार असण्याची आहे. एकच हाड पाच ठिकाणी पाचदा पाहिले, तर ओळखीचे वाटते, परंतु व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकाने ते हातात दिले की बोटे अडखळतात. म्हणून या लेखात साधनांची लांबलचक यादी दिलेली नाही. वाचण्यासाठी एक, फिरवून पाहण्यासाठी एक, क्ष-किरण चित्रांसाठी एक आणि आठवण तपासण्यासाठी एक, अशी चार साधने निवडावीत आणि परीक्षा होईपर्यंत ती बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे आलेली बाकीची साधने ठरावीक अडचणीपुरती वापरायची आहेत.

अभ्यासाची हद्द आधी ठरवावी

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारणपणे २०६ हाडे मोजली जातात. त्यांतील ८० हाडे अक्षीय सांगाड्याची, म्हणजे कवटी, कानातील अस्थिका, जिभेखालचे हायॉइड, पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा यांची असतात. उरलेली १२६ हात, पाय आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या मेखलांची असतात. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण हात आणि पाय दोन्ही बाजूंना सारखेच असतात. एका बाजूच्या हाताची मेखलेसह ३२ आणि पायाची ३१ हाडे नीट समजली की १२६ हाडांचे काम संपते. त्या ६३ हाडांतही बोटांची पेरे वगळली, तर स्वतंत्रपणे शिकावी लागणारी हाडे मोजकीच उरतात.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा क्षमताधारित अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि त्यातील ॲनाटॉमीच्या क्षमतांची पाने छापून समोर ठेवावीत. ‘एएन’ हे त्यातील ॲनाटॉमीच्या विषयांच्या क्रमांकांचे संक्षिप्त रूप आहे. हाताची हाडे एएन ८ मध्ये, पायाची एएन १४ मध्ये, कवटीची एएन २६ मध्ये आणि पाठीचा कणा एएन ५० मध्ये आहे. कोणता व्हिडिओ पाहायचा आणि कोणता सोडायचा, हे या पानांवरून ठरवावे, व्हिडिओच्या नावावरून ठरवू नये. परदेशी वाहिन्यांवरील कितीतरी चांगली व्याख्याने आपल्या परीक्षेत न विचारल्या जाणाऱ्या तपशिलांवर वेळ घालवतात आणि आपल्याकडे हमखास विचारली जाणारी साइड डिटरमिनेशन, म्हणजे हाड डावे की उजवे हे ओळखणे, एका वाक्यात उरकतात.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना दुहेरी गणना सांभाळावी लागते. सुश्रुताने शल्यतंत्राच्या मताने ३०० अस्थी सांगितल्या आहेत, तर चरकाने ३६०. दात, नखे आणि तरुणास्थी (कूर्चा) यांना अस्थींत धरण्याची त्यांची पद्धत वेगळी असल्यामुळे हे आकडे आजच्या आकड्याशी जुळत नाहीत. दोन वह्या करण्यापेक्षा एकाच वहीत समोरासमोर दोन रकाने करावेत, म्हणजे उत्तर लिहिताना गोंधळ होत नाही.

वाचनासाठी आधार

फुकट, कायदेशीर आणि विश्वासार्ह अशा वाचनासाठी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाचे शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक पहिल्या क्रमांकावर ठेवावे. संपूर्ण पुस्तक पीडीएफ स्वरूपात उतरवता येते. हाडांची ऊती सहाव्या प्रकरणात, अक्षीय सांगाडा सातव्यात, हात-पायांचा सांगाडा आठव्यात, सांधे नवव्यात, स्नायूंची ऊती दहाव्यात आणि स्नायूसंस्था अकराव्या प्रकरणात आहे. इंग्रजी सोपे आहे आणि आकृत्या स्वच्छ आहेत. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना एवढे वाचन बहुतेक वेळा पुरते. एमबीबीएस आणि बीएएमएसच्या (आयुर्वेदाच्या) विद्यार्थ्यांना मात्र ते पायापुरतेच आहे. हाडाच्या प्रत्येक पृष्ठभागाचे आणि कडेचे वर्णन त्यांना आपल्या नेमलेल्या पाठ्यपुस्तकातूनच करावे लागेल.

व्यवस्थित लिहिलेल्या छोट्या लेखांसाठी टीचमीॲनाटॉमी हे संकेतस्थळ उपयोगी आहे. प्रत्येक हाडाच्या लेखात त्याच्याशी संबंधित दुखापतीचा भाग दिलेला असतो आणि परीक्षेतील क्लिनिकल प्रश्नांसाठी तो कामाला येतो. केनहब अधिक सखोल आहे, पण त्याचा मोठा भाग पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. चार मित्रांनी एकच खाते वाटून घेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही.

ग्रेज ॲनाटॉमी या प्रसिद्ध ग्रंथाची १९१८ सालची अमेरिकी आवृत्ती स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेली असल्यामुळे बार्टलबी या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येते. तिच्यातील १,२४७ चित्रे विकिमीडिया कॉमन्सवरही आहेत आणि ती स्वतःच्या नोट्समध्ये मोकळेपणाने वापरता येतात. १८५८ च्या मूळ पुस्तकाची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी हिंदुस्थानात आले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी हाच विषय शिकवला आणि पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. जगभर पोचलेल्या त्या आकृत्यांचा चित्रकार आपल्या शेजारच्या जिल्ह्यात राहून गेला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

ही जुनी आवृत्ती चित्रांसाठी वापरावी, मजकूर पाठ करण्यासाठी वापरू नये. तिच्यात मनगटातील स्कॅफॉइडला नॅव्हिक्युलर म्हटले आहे आणि ट्रॅपिझियमला ग्रेटर मल्टँग्युलर. उत्तरपत्रिकेत असे लिहिल्यास गुण जाण्याची शक्यता आहे. आज मान्य असलेले नाव कोणते, अशी शंका आल्यास टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका या आंतरराष्ट्रीय नामसूचीची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी आवृत्ती पाहावी. ती विनामूल्य उपलब्ध आहे.

मराठीतून समजून घेण्यासाठी मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी आणि भाषा संचालनालयाचे ऑनलाइन परिभाषा कोश उपयोगी पडतात. परीक्षा इंग्रजीत असली, तरी एखाद्या सांध्याची हालचाल आधी आपल्या भाषेत समजली की इंग्रजी वाक्य लवकर बसते. सिव्हिलमध्ये पुढे रुग्णांशी बोलताना खांद्याचे पाते, गळपट्टीचे हाड, गुडघ्याची वाटी, नडगी हेच शब्द लागणार आहेत.

फिरवता येणारी चित्रे आणि त्यांच्या मर्यादा

सपाट आकृतीत हाडाची एकच बाजू दिसते, म्हणून थ्री-डी साधनांचे महत्त्व आहे. मोफत साधनांमध्ये झेड-ॲनाटॉमी सर्वांत पूर्ण वाटते. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा मुक्तस्रोत ॲटलस उघडता येतो. जपानमधील बॉडीपार्ट्सथ्रीडी या प्रकल्पाच्या प्रतिकृतींवर तो आधारलेला आहे. स्नायूंचे थर एकेक करून लपवता येतात, हाडांवरील खुणांना नावे आहेत आणि इंटरनेट नसतानाही तो चालतो. मात्र ब्लेंडरची फाइल उघडायला बऱ्यापैकी क्षमतेचा संगणक लागतो. वसतिगृहात एकाच्याच लॅपटॉपवर तो बसवावा आणि चार-पाच जणांनी मिळून बसावे, हे अधिक व्यवहार्य आहे. अशा वेळी एकाने फिरवावे आणि बाकीच्यांनी नावे सांगावीत.

ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याने स्केचफॅबवर खऱ्या हाडांवरून बनवलेल्या प्रतिकृती शोधाव्यात. तेथे कुणीही प्रतिकृती चढवू शकतो, त्यामुळे निवड करताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ती प्रतिकृती सीटी स्कॅनवरून किंवा खऱ्या हाडाच्या छायाचित्रांवरून बनवली आहे, की कलाकाराने अंदाजाने घडवली आहे. दुसरी, ती चढवणारे विद्यापीठ किंवा संग्रहालय आहे का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: हाड डावे असल्याचे लिहिले असेल, तर ते खरोखर डावे आहे का, हे स्वतः ओळखून पाहावे. प्रतिकृती बनवताना आरशातल्यासारखी उलटण्याची चूक होऊ शकते. ती चूक पकडता आली, तर साइड डिटरमिनेशन जमू लागले असे समजावे.

कम्प्लीट ॲनाटॉमी आणि व्हिजिबल बॉडी ही सशुल्क ॲप देखणी आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने त्यांची किंवा एकलँडच्या व्हिडिओ ॲटलसची वर्गणी भरली आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. एकलँडमध्ये खऱ्या देहाचे विच्छेदन दाखवले असल्यामुळे स्नायूंचा खरा रंग, पोत आणि खोली कळते. ॲपमधल्या चकचकीत लाल स्नायूंवरून त्याची कल्पना येत नाही. वर्गणी नसेल तर स्वतःच्या खिशातून ती भरण्याची गरज मला वाटत नाही.

सर्व थ्री-डी साधनांची एक मर्यादा सुरुवातीपासून लक्षात ठेवावी. बॉडीपार्ट्सथ्रीडी एका प्रौढ पुरुषाच्या एमआरआय प्रतिमांवरून सुरू झाले, आणि इतर ॲपमध्येही बहुतेक एकच आदर्श देह असतो. खऱ्या माणसांत मात्र भिन्नता पुष्कळ असते. ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, खालच्या टोकाशी कधी छिद्र असते, मानेच्या मणक्याला कधी जादा बरगडी असते, सोआस मायनर हा स्नायू तर कितीतरी लोकांत नसतोच. ॲपवर सगळे जिथल्या तिथे दिसते. विच्छेदनगृहातील देहात मात्र कधी कधी तसे सापडत नाही आणि विद्यार्थी आपलेच चुकले असे समजतो.

एक हाड सुरुवातीपासून शेवटपर्यंत: ह्यूमरस

पद्धत कोणती वापरावी, हे एका हाडावर करून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून दंडाचे हाड, म्हणजे ह्यूमरस घेऊ. एका हाडाला दोन संध्याकाळी द्याव्यात.

पहिल्या संध्याकाळी आधी मोबाइल बाजूला ठेवून हाड हातात घ्यावे. गोल डोके वर, आतल्या बाजूला आणि किंचित मागे वळलेले असावे, तर खालच्या टोकावरील मोठा खोल खड्डा, म्हणजे ओलेक्रेनॉन फॉसा, मागे यावा. या दोन खुणा जागेवर आल्या की हाड आपोआप त्याच्या बाजूला लागते. मग स्वतःच्या दंडाशेजारी तसेच धरून पाहावे. त्यानंतर वाचन उघडावे आणि वरून खाली क्रमाने यावे: डोके, ॲनाटॉमिकल नेक, बाहेरचा मोठा ट्युबर्कल (उंचवटा), पुढचा लहान ट्युबर्कल, त्यांच्या मधली खोबण, त्याखालचा सर्जिकल नेक, बाहेरच्या बाजूला साधारण मध्यावर डेल्टॉइड ट्युबरॉसिटी, मागून तिरपी जाणारी रेडियल खोबण, आणि खालच्या टोकाला बाहेर कॅपिट्युलम व आत ट्रॉक्लिया. खालच्या टोकाच्या दोन बाजूंना असलेल्या दोन उंचवट्यांपैकी, म्हणजे एपिकॉन्डाइलपैकी, आतला मोठा आणि अधिक टोकदार असतो. प्रत्येक नाव वाचल्यावर ती जागा बोटाने शोधावी आणि मगच पुढे जावे.

आता थ्री-डी प्रतिकृती उघडावी आणि ती पडद्यावर त्याच स्थितीत फिरवून आणावी. नंतर खुणांची नावे बंद करून पुन्हा ओळखावीत. मोबाइलवर हाड फिरवण्याचा मोह मोठा असतो, पण उद्देशाशिवाय फिरवण्याने काही शिकणे होत नाही. प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आता मला हाडाची पुढची बाजू दिसते आहे की मागची?

दुसऱ्या संध्याकाळी त्याच हाडावर स्नायू बसवावेत. मोठ्या ट्युबर्कलवर वरून खाली सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर, आणि लहान ट्युबर्कलवर सबस्कॅप्युलॅरिस, असा रोटेटर कफचा, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतालच्या चार स्नायूंचा, संच येतो. दोन ट्युबर्कलमधल्या खोबणीच्या बाहेरच्या कडेवर पेक्टोरॅलिस मेजर, आतल्या कडेवर टेरीस मेजर आणि तळावर लॅटिसिमस डॉर्साय लागतो. भारतभर विद्यार्थी हे ‘लेडी बिट्वीन टू मेजर्स’ म्हणून पाठ करतात आणि ते खरोखर विसरत नाही. आतल्या एपिकॉन्डाइलवरून मनगट व बोटे वाकवणारे स्नायू निघतात, बाहेरच्यावरून सरळ करणारे. ॲटलसमध्ये एका वेळी एकच स्नायू दिसू द्यावा. सगळे एकदम दाखवले की चित्र भरगच्च दिसते, पण नजरेत काहीच राहत नाही.

शेवटी नसा (नर्व्ह) बघाव्यात, कारण या हाडाला तीन नसा अगदी चिकटून जातात आणि व्हायव्हातील निम्मे प्रश्न त्यांवर फिरतात. सर्जिकल नेकजवळ ॲक्झिलरी नस, मागच्या खोबणीत रेडियल आणि आतल्या एपिकॉन्डाइलमागे अल्नर. हाड मधोमध मोडले तर रेडियल नसेला इजा होऊन मनगट लोंबते. कोपराचा धक्का लागल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या अल्नर नसेमुळे. हा संबंध लक्षात आला की खुणांची नावे सुटी राहत नाहीत.

क्ष-किरण चित्रे

हाड हातात ओळखणारे कितीतरी विद्यार्थी एक्स-रे समोर आला की गप्प होतात. यासाठी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील रेडिओलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी सुरू केलेले रेडिओपीडिया हे संकेतस्थळ मोफत आणि पुरेसे आहे. तेथे आधी त्या सांध्याचा निरोगी एक्स-रे शोधावा, आजाराची प्रकरणे नंतर पाहावीत. ह्यूमरसचा अभ्यास झाला असेल, तर खांद्याचा आणि कोपराचा एक्स-रे उघडावा आणि कालच्या खुणा त्यावर शोधाव्यात. हाडाच्या पुढची आणि मागची बाजू इथे एकमेकींवर पडलेली दिसते. त्यामुळे खोल खड्डे अधिक काळे आणि दाट भाग अधिक पांढरे का दिसतात, हे समजून घ्यावे.

मुलांच्या एक्स-रेकडे विशेष लक्ष द्यावे. वाढीची कूर्चा क्ष-किरणांत दिसत नाही, त्यामुळे हाडाचा तुकडा वेगळा पडल्यासारखा दिसतो आणि नवशिक्याला ते फ्रॅक्चर वाटते. कोपराभोवती हाड तयार होण्याची केंद्रे ठरावीक क्रमाने दिसू लागतात. कॅपिट्युलम साधारण १ वर्षाला, रेडियसचे डोके ३ वर्षांना, आतला एपिकॉन्डाइल ५, ट्रॉक्लिया ७, ओलेक्रेनॉन ९ आणि बाहेरचा एपिकॉन्डाइल ११ वर्षांच्या सुमाराला दिसतो. वये मुलागणिक थोडी मागेपुढे होतात, पण क्रम बहुधा तोच राहतो. वय ठरवण्याच्या न्यायवैद्यक प्रश्नांतही हीच माहिती पुढच्या वर्षांत उपयोगी पडते.

आडव्या छेदांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा व्हिजिबल ह्यूमन प्रकल्प आहे. १९९४ मध्ये एका पुरुषाच्या देहाचे १ मिलिमीटर अंतरावरचे आणि १९९५ मध्ये एका स्त्रीच्या देहाचे ०.३३ मिलिमीटर अंतरावरचे छेद त्याने खुले केले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दंड, अग्रबाहू, मांडी आणि पोटरी यांचे मध्यावरचे छेद पाहिले तरी पुरे. सीटी आणि एमआरआय वाचण्याची सुरुवात तेथूनच होते.

स्नायू: नियम आधी, अपवाद नंतर

शरीरात सांगाड्याशी जोडलेले ६०० हून अधिक स्नायू आहेत. प्रत्येकाचे ओरिजिन (उगम), इन्सर्शन (जेथे जाऊन लागतो ती जागा), नस आणि क्रिया अशी चार गोष्टींची तक्ते-यादी पाठ करायला बसले, तर माणूस थकून जातो. आधी कप्पे शिकावेत. दंडाच्या पुढच्या कप्प्याला मस्क्युलोक्युटेनियस नस, मागच्याला रेडियल. अग्रबाहूच्या पुढच्या कप्प्याला मीडियन, फक्त फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा आतला अर्धा भाग यांना अल्नर. मागच्या कप्प्याला पुन्हा रेडियल. मांडीत पुढे फेमोरल, आत ऑब्ट्युरेटर, मागे सायटिक. पोटरीत पुढे डीप पेरोनियल, बाहेर सुपरफिशियल पेरोनियल, मागे टिबियल.

हे दहा-बारा शब्द पक्के झाले की उरतात ते अपवाद, आणि परीक्षक नेमके तेच विचारतो. बायसेप्स फेमोरिसच्या आखूड डोक्याला कॉमन पेरोनियल नस मिळते. ॲडक्टर मॅग्नसला दोन नसा आहेत. ब्रेकिओरेडियॅलिस रेडियल नसेचा आहे, तरी तो कोपर वाकवतो. वहीच्या एका पानावर फक्त अपवाद लिहावेत. ते पान परीक्षेच्या आदल्या रात्री कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

स्नायूंची क्रिया शिकण्यासाठी ॲनाटॉमीझोन ही यूट्यूब वाहिनी चांगली आहे. व्हिडिओ पाहताना ती हालचाल स्वतःच्या अंगावर करावी आणि दुसऱ्या हाताने स्नायू घट्ट होतो का हे चाचपावे. अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडे वाकवले, तर मनगटाच्या मध्यावर पाल्मॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा (टेंडन) उभी राहते. काहींना ती एका किंवा दोन्ही हातांवर दिसणार नाही, कारण तो स्नायू त्यांना नसतो. वर्गातल्या मित्रांचे हात पाहिले, तर शारीरिक भिन्नतेचा पाठ पाच मिनिटांत होतो.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी रोटेटर कफ, कंबरेचे इरेक्टर स्पायनी आणि नितंबातील ग्लुटियस मीडियस यांवर इतरांपेक्षा अधिक वेळ द्यावा. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणारे किंवा दिवसभर खाली बसून विड्या वळणारे लोक या शहरात पुष्कळ आहेत, आणि खांदा, मान व कंबर यांच्या तक्रारी घेऊन ते समोर येणारच आहेत.

आठवण तपासण्याचे साधन

वाचलेले किती राहिले, हे तपासण्यासाठी अँकी हे कार्ड-सॉफ्टवेअर सर्वांत उपयोगी ठरते. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. त्यातील चित्रावरील नाव झाकण्याची सोय हाडांसाठीच केल्यासारखी आहे. ग्रेच्या चित्रातील एक आकृती घ्यावी, तिच्यावरील नावे झाकावीत आणि एकेक नाव ओळखावे. सॉफ्टवेअर विसरलेले कार्ड लवकर आणि पाठ झालेले उशिरा पुन्हा दाखवते.

इथे दोन पथ्ये पाळावीत. एक म्हणजे इतरांनी बनवलेला हजारो कार्डांचा तयार संच उतरवू नये. दुसऱ्याच्या अभ्यासक्रमाचे ओझे डोक्यावर येते आणि आठवड्याभरात ते ॲप उघडणेच बंद होते. दुसरे म्हणजे एका हाडाची वीसपेक्षा जास्त कार्डे करू नयेत. ह्यूमरससाठी खुणा, स्नायू, नसा आणि फ्रॅक्चर मिळून एवढी पुरतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपकडून चित्रे काढून घेण्याचा प्रकार वाढला आहे. अशा चित्रांत बरगड्यांची संख्या चुकलेली, मनगटातली हाडे मनाला येतील तशी मांडलेली आणि नावे भलत्याच ठिकाणी लावलेली असू शकतात. प्रश्न विचारून सराव करण्यासाठी ही ॲप वापरावीत, पण हाडाच्या चित्रासाठी मुळीच वापरू नयेत.

खरे हाड, नैतिकता आणि कायदा

पडद्यावर वजन, खडबडीतपणा आणि कडेची धार कळत नाही. पडद्याचा अभ्यास हाताच्या अभ्यासाला जोड म्हणून ठेवायचा आहे, त्याच्या जागी नाही. विभागातील बोन्स मिळण्याच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि तेथेच बसून अभ्यास करावा. फायबरचे संच घरासाठी सोयीचे आहेत, पण त्यांच्यावर लहान छिद्रे, खोबणी आणि ओरखडे नीट उठत नाहीत. कॅरोटिड कॅनाल किंवा फोरामेन स्पायनोसम यांसारख्या कवटीच्या तळाच्या छिद्रांसाठी ते बहुधा निरुपयोगी ठरतात, तेथे खरी कवटीच हवी.

ऑनलाइन जाहिरातीतून जुना मानवी बोन सेट विकत घेऊ नये. भारतातून मानवी हाडांची निर्यात १९८५ पासून बंद आहे, आणि देशांतर्गत विक्रीतही त्या हाडांचा उगम काय, हे विकणारा सांगू शकत नाही. आपल्या राज्यात विच्छेदनासाठी देह १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याच्या चौकटीत आणि देहदानातून येतात. म्हणून विच्छेदनगृहात मोबाइलवर छायाचित्रे काढणे आणि ती गटावर टाकणे पूर्ण टाळावे. देहदान करणाऱ्या कुटुंबांतले कुणी आपल्याच गल्लीत राहत असू शकते.

चित्रकलेचे विद्यार्थी आणि प्रशिक्षक

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना सर्व नावे पाठ करण्याची गरज नाही. त्वचेखाली जी हाडे थेट दिसतात त्यांवर त्यांनी लक्ष द्यावे: गळपट्टीचे हाड, खांद्याच्या पात्याचा काटा, कोपर, कंबरेच्या हाडाची पुढची टोके, गुडघ्याची वाटी, नडगी आणि घोटे. झेड-ॲनाटॉमीत हाडे ठळक ठेवून स्नायू पारदर्शक करावेत आणि तीच प्रतिकृती तीन कोनांतून रेखाटावी. व्यायाम प्रशिक्षकांनी ओपनस्टॅक्सची नववी आणि अकरावी प्रकरणे वाचावीत आणि प्रत्येक व्यायामात कोणता सांधा कोणत्या दिशेने हलतो हे आधी ठरवावे. स्नायूचे नाव त्यानंतर येते.

व्हायव्हाच्या आधीचे दिवस

परीक्षेच्या पंधरवड्यात नवे काही उघडू नये. दोघांनी मिळून सराव करावा. एकाने पिशवीतून न पाहता एक हाड काढावे आणि दुसऱ्याने तेच चार प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत: हाडाचे नाव, बाजू आणि ती का, शरीरातील स्थितीत धरून दाखवणे, आणि बोटाने दाखवलेल्या खुणेला काय लागते. बाजू सांगताना ‘डावे आहे’ एवढे सांगून थांबू नये. ‘डोके आतल्या बाजूला आणि ओलेक्रेनॉन फॉसा मागे ठेवल्यावर हे डाव्या बाजूचे ठरते’ असे पूर्ण वाक्य बोलण्याची सवय लावावी, तीही इंग्रजीतून, कारण उत्तर माहीत असूनही वाक्य न जुळल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण इथेच जातात. मोबाइलवर आपलेच उत्तर रेकॉर्ड करून ऐकले, तर कोठे अडखळतो ते लगेच समजते. चारपैकी एका प्रश्नाला अडखळल्यास ते हाड वेगळे ठेवावे, पुढची हाडे पूर्ण करावीत, आणि बसण्याच्या शेवटी फक्त वेगळी ठेवलेली हाडे पुन्हा पिशवीत टाकावीत.